अडीच सेंटिमीटर

माझ्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस दारातच ओळखू येतो. शर्ट पँटच्या बाहेर, तोही एक माप मोठा. आत आल्यावर तो मशिनींकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली करून म्हणतो, "सर, सिर्फ पेट कम करना है. बाकी सब ठीक है." घरी मराठी बोलणारा असला तरी गोंदियात हे वाक्य हिंदीतच येतं.

चोवीस वर्षं मी जिम चालवतो आहे. "सिर्फ पेट" कमी करून दिलेलं एकही गिऱ्हाईक माझ्या वहीत नाही, कारण तसं होतच नाही. एका कापड दुकानदाराने ऐन मे महिन्यात पोटाला प्लास्टिक गुंडाळून पळायला सुरुवात केली आणि चौथ्या दिवशी त्याला ओआरएस पाजून रिक्षात बसवावं लागलं. एक निवृत्त कारकून रोज तीनशे उठाबशा काढायचे, पोटाच्या शंभर वेगळ्या, आणि घरी जाताना चौकात दोन आलूबोंडे खायचे. वर्षभरात कंबर होती तिथेच. ते मला म्हणायचे, "तुमच्या व्यायामात दम नाही."

अशांना मी नवेगाव बांधचा तलाव आठवायला सांगतो. पाणी कुठल्याही काठाने उपसा, पातळी सगळीकडची उतरते. आधी काठ उघडे पडतात, मधला डोह शेवटी आटतो. पुरुषाचं पोट म्हणजे तो डोह. चेहरा उतरतो, मनगटावरचं घड्याळ सैल होतं, बायको म्हणते आजारी दिसता, आणि पोट मात्र तसंच. नेमक्या त्याच आठवड्यात लोक जिम सोडतात. माझं अर्धं काम त्या आठवड्यात माणसाला धरून ठेवण्याचं आहे.

उरलेलं अर्धं काम मोजण्याचं. प्रत्येकाचं वहीत एक पान. दर सोमवारी सकाळी, उपाशीपोटी, उभं राहून, श्वास सोडून, बेंबीच्या पातळीवर टेप लावायचा. मी तीनदा मोजतो आणि तिन्हींची सरासरी लिहितो. काट्यावरही उभं करतो, पण काट्यावर माझा फारसा भरवसा नव्हता. काट्याला हाड, मांस, पाणी, चरबी सगळं एकच. टेप पोटाचं पोटाला सांगतो. नवीन पोरं मोबाईलवर कसले कसले आलेख दाखवतात, तेव्हा मी त्यांना माझी वही दाखवायचो. या वहीचा मला गर्व होता. पुढे जे सांगणार आहे ते त्या गर्वाचंच आहे.

खेमराजभाऊ आले तेव्हा धान मळून झालं होतं. वय सेहेचाळीस, राहणार कामठा, अकरा एकर धानाची शेती आणि गावात खतांचं दुकान. पूर्वी शेतकऱ्याला चालायला सांगावं लागत नसे. आता नांगरणी ट्रॅक्टरवर, कापणी हार्वेस्टरवर, आणि मालक मोटरसायकलवर बसून बांधावरून बघतो. जेवण मात्र नांगर धरणाऱ्या आजोबांचंच राहिलं. खेमराजभाऊंचं पोट असं आलं होतं.

त्यांनी "सिर्फ पेट" म्हटलं नाही. टेबलावर दवाखान्याची जाड फाइल ठेवली.

"सर, मी बॉडी बनवाले नाई आलो. मले पास व्हाचं आहे."

"कशात?"

"सुमनले लिव्हर देऊन राहिलो. डॉक्टर म्हणते, तुमच्याच लिव्हरवर चरबी आहे, असं लिव्हर कसं घ्याचं?"

सुमन ही त्यांची धाकटी बहीण, केशोरीला दिलेली. जुन्या काविळीने तिचं लिव्हर निकामी होत आलं होतं. जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा काढून दुसऱ्याला बसवता येतो आणि दोघांचंही पुन्हा वाढून येतं, हे मलाही त्या फाइलीतूनच कळलं. नवऱ्याचा रक्तगट जुळत नव्हता, मुलं लहान होती. जुळत होते ते एकटे खेमराजभाऊ. नागपूरच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की आठ किलो वजन उतरवा, मग पुन्हा स्कॅन करू, लिव्हर साफ दिसलं तर भरती करू. वजन ८९, कंबर ११० सेंटिमीटर. व्यायामाला परवानगी, आहाराचा कागद सोबत. मुदत तीन महिने, "रुग्णाची प्रकृती तोवर स्थिर राहिल्यास."

पोटाच्या बाहेर जी चरबी हातात धरता येते तिच्याहून आतली वाईट, आणि ती लिव्हरवरही बसते. पण तिची एक गोष्ट चांगली आहे, ती लवकर उतरते. माणूस नीट वागला तर आठ-दहा आठवड्यांत फरक पडतो, हे मी पाहिलेलं होतं. मी म्हणालो, "होईल." आजही म्हणेन.

तीन दिवस जे पोटात जाईल ते तोलून लिहा, असं मी नवराबायकोला सांगितलं. कागद आला. त्या आकड्यांवर एवढं पोट उभं राहणं शक्य नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता मी कामठ्याला त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. खेमराजभाऊ हातात मोठा लोटा घेऊन बसले होते.

"हे काय?"

"पेज होय."

"कागदावर नाही."

"पेज कोन लिवते सर? पाणीच ना ते."

आतून त्यांच्या बायकोचा, यशोदाबाईंचा आवाज आला. "पाणी कायचं! रोज पावशेर तांदूर लागते त्याले, अन् म्हणते पाणी. मी तं पहिल्याच दिवशी म्हनलं का लिवा."

"तू आतच राय."

"आतच आहो. सैपाक कोन करून राहिलं मंग?"

आमच्या भागात पेज कुणी जेवणात धरत नाही. शेतावर जाताना प्यायची, आल्यावर प्यायची. शेत सुटलं, पेज राहिली. ती बंद केली, तिच्या जागी ताक आणि एक अंडं. भात मात्र बंद केला नाही. या जिल्ह्यात भात बंद करायला सांगणारा दोन आठवड्यांत तोंडघशी पडतो. शिजलेला भात, दोन्ही वेळेला दीडशे ग्रॅम, तोही आधी भाजी, वरण आणि अंडी किंवा मासोळी खाऊन झाल्यावर. तळलेलं बंद. दारू त्यांनी दवाखान्यातून निघाले त्याच दिवशी सोडली होती.

चालणं रोज पाऊण तास, नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवरून, आठवड्यातून सहा दिवस. वेग ओळखायची माझी साधी रीत आहे. बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. पहिल्याच दिवशी त्यांनी फोन करून मला भजनाचं एक कडवं म्हणून दाखवलं. मी म्हणालो, "उद्या एवढं चाला की दुसरी ओळ येऊ नये."

लोखंड उचलायला त्यांची नाखुशी होती. "पोट तं चालून उतरते. हे कायले?"

"धान वाळत घालता तेव्हा काय जायला पाहिजे?"

"पाणी."

"आणि दाणा?"

"दाणा गेला तं रायलं काय?"

"तेच. नुसतं उपाशी राहून चाललात तर चरबीबरोबर मांसही जाईल. वजन उचलल्याने दाणा राहतो."

ते त्यांना पटलं. आठवड्यातून तीन दिवस बैठका, ओढणं, ढकलणं. पहिल्या दिवशी चाळीस किलोचा, धानाच्या पोत्याएवढा बार पाहून ते हसले. "हा तं धानाचा एक कट्टा." तिसऱ्या बैठकीनंतर बार ठेवून बाकावर बसले, घाम पुसला. मग म्हणाले, "कट्टा जड झाला का मी हलका झालो, सर?"

वहीतला पहिला आकडा मी त्यांच्या फाइलीवरून उतरवला, ११०. दवाखान्याने मोजलं आहे, पुन्हा कशाला मोजायचं. पुढच्या सोमवारी माझ्या टेपने मोजलं, १०६.५. तीनदा मोजलं. एका आठवड्यात साडेतीन सेंटिमीटर! काट्यावर एक किलोही पुरता उतरला नव्हता. खेमराजभाऊ खूश, मीही खूश. पहिल्या आठवड्यात शरीरातलं पाणी उतरतं, पोटफुगी जाते, हे खरं आहे आणि मी शेकडो लोकांना सांगितलेलं आहे. तेच स्वतःला सांगितलं. आकडा इतका गोड होता की त्याला उलटा प्रश्न विचारावा असं वाटलं नाही.

पाचव्या आठवड्यात टेप १०२ वर आला. मी शंभरचं लक्ष्य ठेवलं होतं. वहीप्रमाणे आम्ही वेळेच्या पुढे होतो. भाऊ थकलेले दिसत होते, म्हणून मी चालणं सहा दिवसांवरून चार दिवसांवर आणलं. मेहुण्याच्या लग्नाला दोन दिवस जायचं होतं. "पंगतीत भात नाई घेतला तं सासरचे म्हणतीन, याले गर्व आला." मी म्हणालो, घ्या.

त्याच आठवड्यात ते बाकावर बसले असताना सुमनताईंचा फोन आला. भाऊंनी स्पीकर लावला. मी ताईंना पाहिलं नव्हतं, आवाजच ऐकला. बारीक होता, पण त्यात थट्टा होती.

"दादा, किती झालं?"

"एकशे दोन."

"मज्जा आहे तुह्यी. तुह्यं पोट उतरून राहिलं अन् माह्यं चढून राहिलं."

या आजारात पोटात पाणी भरतं. खेमराजभाऊंनी फोन कानाला लावला आणि बाहेर गेले. परत आले ते थेट बारापाशी. त्या दिवशी मी थांबवेपर्यंत ते थांबले नाहीत.

सातव्या सोमवारी टेप शंभर. काटा ८४ वर. डॉक्टरांचा आकडा ८१.

"सर, काटा तं अजून तीन किलो मांगून राहिला."

"मांस वाढलंय तुमचं," मी म्हणालो. "नव्याने लोखंड धरणाऱ्याचं वाढतंच. काट्याला ते कळत नाही. टेप बघा."

तिकडे सुमनताईंची प्रकृती खालावत होती, इकडे माझा टेप हिरवा कंदील दाखवत होता. मीच त्यांना स्कॅनची तारीख घ्यायला सांगितली.

स्कॅनच्या दिवशी दुपारी दीड वाजता नागपूरहून भाऊंचा फोन आला. "सर, नाई झालं. चरबी आहे अजून." मी काहीतरी बोलायला लागलो, त्यांनी मध्येच थांबवलं. "अजून एक. नर्सनं मोजलं तं एकशे अडीच आलं. मी तिच्यासंग भांडलो, सर. म्हनलं, तुम्ही एकदा मोजता, आमचे सर तीनदा मोजतेत."

पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली.

मी जेवायला घरी गेलो, जेवलो नाही. टेप सोबतच होता, गळ्यात. माझी बायको वंदना घरी ब्लाउज शिवते. तिला सगळं सांगितलं. तिने माझ्या गळ्यातला टेप काढला, तिच्या टेपाशेजारी मशिनच्या टेबलावर ठेवला, दोघांची शून्यं एकाच टाचणीने दाबली आणि हाताने सरळ करत गेली. माझ्या टेपवरचा शंभर तिच्या एकशे अडीचवर आला.

"किती वर्षांचा आहे हा?"

"अकरा."

"अकरा! मी दर सहा महिन्यांनी फेकते. ओढून ओढून लांब होते ना कपडा. ब्लाउज अर्धा सेंटिमीटर चुकला तं बाई वापस येते, दारात उभी राहून बोलते. तुमच्याकडं कोन वापस येते? तुम्ही कमी सांगता, लोक खूश होतेत."

ताणलेला टेप कमी दाखवतो, हे चौथीतल्या पोरालाही कळेल. मी तीनदा मोजत होतो, पण चुकीच्या टेपने तीनदा मोजलं की चूक तेवढी पक्की होते. एरवी पहिलं मापही त्याच टेपने घेतलेलं असल्यामुळे उतार जवळपास खरा निघायचा आणि चूक झाकलेली राहायची. खेमराजभाऊंचं पहिलं माप दवाखान्याचं होतं, म्हणून ती उघडी पडली. ती मला पहिल्याच सोमवारी दिसायला हवी होती. काटा सात आठवडे खरं सांगत होता आणि मी त्याला शिकवत होतो.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले तेव्हा दोन्ही टेप मी टेबलावर जोडून ठेवले आणि जे आहे ते सांगितलं. त्यांनी स्वतः बोटाने दोन्ही शंभर शोधले.

"मंग त्या लग्नातला भात?"

"माझ्या सांगण्यावरून."

"अन् चालणं कमी केलं ते?"

"तेही. तुम्ही चुकला नाहीत. मी चुकलो."

मी शिव्यांची वाट बघत होतो, मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "सर, मले आता रागाले टाइम नाई. किती चालाचं ते सांगा."

ते तीन आठवडे मी माझ्या आयुष्यात विसरणार नाही. पहाटे साडेपाचला मी गोंदियाहून कामठ्याला जायचो आणि नहराच्या पाळीवर त्यांच्यासोबत चालायचो, आता आठवड्याचे सहा दिवस, पाऊण तासाच्या जागी तास. यशोदाबाई भाताचं भांडं तोलून माझ्यासमोर झाकण ठेवायच्या. "पाहा सर, दीडशे. लग्न नाई कोनाचं आता." बार चाळीसवरून साठवर गेला होता, तो तसाच ठेवला. नवीन टेप आणला, तो वंदनाच्या पट्टीवर पारखला. जिममध्ये फळ्यावर लिहून टाकलं की इथली मापं शंभराला अडीचने कमी लिहिली गेली आहेत, चूक माझी आहे, सर्वांनी पुन्हा मोजून घ्यावं. दोघे जिम सोडून गेले. एकाने विचारलं, "सर, उंचीबी त्याच टेपनं मोजली होती का? तं मी वाढलो म्हणजे." त्या दिवसांत तेवढंच एकदा हसलो.

मधल्या काळात सुमनताई दोनदा भरती झाल्या. पोटातलं पाणी काढावं लागलं. दुसऱ्या वेळी त्यांना चार दिवस माणसं नीट ओळखू येत नव्हती. आधी स्कॅन साफ निघालं असतं तर हे टळलं असतं का, हे मी पुढे डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." मला यातलं सगळ्यात जास्त बोचतं ते हेच. किती नुकसान केलं त्याचा आकडा मला कुणी दिला नाही.

स्कॅनच्या आदल्या सोमवारी वजन ८०.९, कंबर खरी ९८.५. मी भाऊंना म्हणालो, "या वेळी मी काही म्हणत नाही. दवाखाना म्हणेल ते खरं."

दुसऱ्या दिवशी फोन आला.

"सर, भरती व्हा म्हणतेत."

"चरबी किती आली?"

"विचारलंच नाई जी. तो भरती व्हा म्हनला अन् मी सही करून टाकली."

ऑपरेशन दिवसभर चाललं. संध्याकाळी यशोदाबाईंनी कळवलं की दोघंही ठीक आहेत. भाऊंच्या पोटावर आता आडवी-उभी मोठी खूण आहे. सहा महिने त्यांना वजन उचलायला बंदी होती. चालणं त्यांनी पंधराव्या दिवशी सुरू केलं, आधी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात, मग नहरावर. कंबर आज १००.५ आहे. थोडी परत आली, लपवत नाही. पेज आली नाही.

यंदा पेरण्या व्हायच्या आधी ते जिममध्ये आले तेव्हा सोबत सुमनताई होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. बारीक बाई, नाकावर मास्क, डोळ्यांत भावाचीच नजर. हॉलमधल्या जाडजूड माणसांकडे बघून त्या जरा बिचकल्या. मग स्वतःच काट्यावर चढल्या. दवाखान्यातून सुटताना ३९ किलो होत्या. काटा ४६.३ वर थांबला.

"लय झालं का, सर?"

"ताई, चोवीस वर्षांत या काट्यावर वजन वाढलं म्हणून मला पहिल्यांदाच बरं वाटतंय."

"मले यंदा रोवण्याले बांधीत उतराचं आहे," त्या म्हणाल्या. धानाची रोपं लावायला चिखलाच्या खाचरात उतरायचं होतं त्यांना. "कोनी उतरू देत नाई. म्हणते, चिखलात इन्फेक्शन होईल. डॉक्टरबी नाई म्हनला यंदाच्या साली. मंग पुढच्या साली तं उतरीन ना? तवा वाकता आलं पाह्यजे. मांड्यांत जीवच नाई माह्या. किती दिवस लागतीन?"

डॉक्टरांचा हलक्या व्यायामाचा कागद त्यांनी आणला होता. मी तो दोनदा वाचला. दिवसांचा आकडा मात्र दिला नाही. "माहीत नाही, ताई. मोजत राहू."

एक लाकडी खुर्ची ओढली. हात न टेकता उठायचं आणि बसायचं, एवढाच व्यायाम. भाऊ मागे हात पसरून उभे राहिले, जणू छपरावरून काही पडणार आहे.

"तू बाजूला हो ना दादा. अर्धं तं तुह्यंच आहे आत, नाई पडत."

पहिल्यांदा त्या उठता उठता डगमगल्या. मी मोजलं, एक. दुसऱ्याला गुडघे थरथरले. पाचव्याला मास्कच्या आत श्वास ऐकू यायला लागला. हॉलमधल्या दोन-चार जणांनी हातातली वजनं खाली ठेवली होती. सातव्याला मी म्हणालो, "बस, आज एवढंच."

त्या बसल्या. भावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दोन्ही हात छातीवर बांधले आणि पुन्हा उभ्या राहिल्या.

"आठ," त्यांनीच मोजलं. "लिवा."